रात्र झाली, हे पेशींना कसं कळतं?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी झोपेवर दोन पानं लिहिली आणि संपादकांनी खाली 'प्रश्न पाठवा' अशी ओळ छापून टाकली, मला न विचारता. त्याचं फळ आता टेबलावर आहे. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द आहे : मेलाटोनिन, म्हणजे रात्री मेंदूतून रक्तात सुटणारं संप्रेरक. आधीच सांगते, मी एम.डी. असले तरी नाडी धरणारी डॉक्टर नव्हे. मेडिकल कॉलेजात एकतीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, त्यामुळे 'गोळी लिहून द्या' म्हणणाऱ्यांची निराशा होईल. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : वय ६७, बँकेतून निवृत्त. जेवण, बातम्या आटोपून साडेनऊला अंथरुणावर पडतो. झोप लगेच लागते, पण तीनला टक्क जाग येते. मग नुसता कुशी बदलत राहतो. पुतण्याने अमेरिकेहून मेलाटोनिनच्या चघळायच्या गोळ्या आणल्या, १० मिलिग्रॅमच्या. दीड महिना रोज नऊला घेतोय. जाग तीनलाच, वर सकाळी डोकं जड. माझ्या मेंदूतल्या पेशी बधिर झाल्यात का? रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल चालू आहे. (सातारा)

उत्तर : पेशी बधिर होण्याची गोष्ट तुम्ही वैतागून लिहिली असेल, पण प्रश्न नेमका तिथेच आहे. मेलाटोनिन रक्तातून सगळीकडे फिरतं, यकृतातही आणि करंगळीतही. पण ज्या पेशींवर त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारे रेणू, आहेत त्यांनाच ते 'ऐकू' येतं. मेंदूत असे कान असलेली सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थेट वर बसलेला पेशींचा जोड-पुंजका. नाव लांबलचक आहे, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. मी विद्यार्थ्यांना 'घड्याळ' म्हणायला सांगायचे, इथेही तेच म्हणते. पेशी जेमतेम वीस हजार, आकार तांदळाच्या दाण्याहून लहान. १९७२ मध्ये अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांमधला हा पुंजका नष्ट करून पाहिला, तर त्यांच्या दिनक्रमाचा पार बोजवारा उडाला. उंदीर झोपत होते, पण केव्हाही.

या पेशी दिवसा भराभर विद्युत-संदेश सोडतात आणि रात्री मंदावतात. गंमत म्हणजे आपल्याला जागं ठेवण्याचा त्यांचा जोर संध्याकाळी, झोपेच्या दोन-तीन तास आधी सगळ्यात जास्त असतो. मग मेंदूतल्या चिमुकल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन येऊ लागतं आणि त्याची दोन कामं होतात. एक, या पेशींची बडबड कमी होते. दुसरं, घड्याळाचे काटेच सरकतात. कुठल्या दिशेला, ते तुम्ही कधी घेता त्यावर ठरतं. संध्याकाळी घेतलेलं मेलाटोनिन घड्याळ पुढे नेतं, म्हणजे रात्र लवकर सुरू आणि लवकर संपलेली. पहाटे-सकाळी घेतलेलं उलट करतं.

आता तुमचं गणित बघा. साडेनऊ ते तीन, साडेपाच तास. तुम्हाला झोप लागत नाही अशी तक्रारच नाही, तुमची रात्र लवकर संपते आहे. वयाबरोबर घड्याळ पुढे सरकतं, त्यात नवल नाही. आणि तुम्ही नऊला गोळी घेऊन घड्याळाला सांगताय की, 'बाबा रे, रात्र झालीसुद्धा.' म्हणजे पुढे गेलेल्या घड्याळालाच आणखी पुढे रेटताय. औषध बिचारं त्याचं काम करतंय, तुमच्या कामाच्या उलट.

मात्रेबद्दल. साधारण ०.३ मिलिग्रॅम घेतलं तरी रक्तातली पातळी नैसर्गिक रात्रीएवढी होते. तुमची गोळी त्याच्या तीसपटीहून जास्त. प्रयोगशाळेत पेशींवर मेलाटोनिनचा असा भडिमार केला, की त्या आपले काही रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेतात. कोणी कानाशी ओरडत राहिलं तर आपण कानावर हात ठेवतो, तसंच. मेलाटोनिन तासाभरात निम्मं उतरतं खरं, पण निम्म्याचं निम्मं करत करत इतक्या मोठ्या मात्रेचा शेवट व्हायला सकाळ उजाडते. डोकं जड होतं ते म्हणून. त्यातून बाटलीवरच्या आकड्यावर भरवसा किती? २०२३ मध्ये अमेरिकेत अशा चघळायच्या २५ गोळ्या तपासल्या, त्यांतल्या २२ चं लेबल चुकलेलं निघालं. लिहिलेल्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत काहीही. आणि २०१३ मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला, त्यात मेलाटोनिनने झोप सरासरी सात मिनिटं लवकर लागते असं दिसलं. सात मिनिटं! आमच्याकडे विळखा घालून बसलेली मांजर उठवायलाच तेवढी लागतात.

तुमच्या जागी मी असते तर गोळी बंद केली असती आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला उन्हं असेपर्यंत बाहेर चालायला गेले असते. संध्याकाळचा उजेड घड्याळाला मागे ओढतो. अंथरुणावर साडेदहाआधी पडायचं नाही, डुलकी आली तरी. वामकुक्षी वीस मिनिटांची, दोन तासांची नाही. पहाटे फिरायला जाणाऱ्या मित्रमंडळींना काही आठवडे आठ वाजताचं आमंत्रण द्या, कारण पहाटेचा उजेड पुन्हा घड्याळ पुढे नेतो.

ॲटेनोलॉलचं मात्र तुमच्या डॉक्टरांशी जरूर बोला. पिनियल ग्रंथीला 'सुरू कर' हा हुकूम ज्या रिसेप्टरमार्फत मिळतो, ते बीटा रिसेप्टर हे औषध अडवतं, आणि शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन कमी होतं. स्वतःच्या मनाने ते बंद करू नका, भलतं होऊन बसेल. लघवीला उठावं लागतं का, घोरणं आहे का, आणि तीनला जाग आल्यावर मन फार उदास असतं का, हेही त्यांना सांगा. शेवटच्या गोष्टीला आपल्याकडची पुरुषमाणसं नेहमी 'काही नाही हो' म्हणतात.

प्रश्न : मी बी.एस्सी. प्राणिशास्त्राला आहे. पुस्तकात 'मेलाटोनिन झोप आणते' एवढं एकच वाक्य आहे. पण सर म्हणाले की उंदरातही ते रात्रीच तयार होतं आणि उंदीर तर रात्री जागतात. मग? शिवाय घड्याळ सोडून मेंदूत आणखी कुठे हे रिसेप्टर आहेत? (कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा. एकतीस वर्षांत हा प्रश्न मला वर्गात दोनदाच आला.

मेलाटोनिनचा शोध झोपेच्या नादात लागलेलाच नाही. १९१७ मध्ये मॅककॉर्ड आणि ॲलन यांनी गायीबैलांच्या पिनियल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला, तर त्यांची कातडी फिकी पडली. हा धागा धरून येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने १९५८ मध्ये, कत्तलखान्यातून ढिगाने ग्रंथी आणून, त्यातलं द्रव्य वेगळं केलं. त्याला कोड बरं करायचं होतं. कातडीतल्या मेलॅनिनवरून नाव पडलं मेलाटोनिन. पुढे १९९४ मध्ये रिसेप्टरचं जनुक पहिल्यांदा हाती लागलं तेही बेडकाच्या कातडीतल्या रंगपेशींमधूनच. स्टीव्हन रेपर्ट यांच्या गटाने ते मिळवलं आणि पाठोपाठ माणसाचंही. माणसात दोन प्रकार आहेत, एमटी-१ आणि एमटी-२. त्यांची नेमकी घडण अणूपर्यंत दिसली ती २०१९ मध्ये.

तेव्हा मेलाटोनिन म्हणजे 'झोप' नव्हे, 'अंधार आहे' एवढीच वर्दी. ती ऐकून चिमणी झोपते आणि घुबड उठतं. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या काळ्या उंदरांच्या वाणात तर जनुकातल्या दोषामुळे मेलाटोनिन जवळजवळ तयारच होत नाही, आणि ते दिवसा छान झोपतात. हे एक उदाहरण परीक्षेत लिहिलंत तर तपासणारा चमकेल.

पण गोष्ट इथे संपत नाही, तुमचा दुसरा प्रश्न त्यासाठीच चांगला आहे. घड्याळाबाहेरही हे कान आहेत. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात गॅब्रिएला गॉबी आणि सहकाऱ्यांनी दोन्ही रिसेप्टर वेगवेगळे चाचपले. एमटी-२ सापडतो मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस या भागाला वेढणाऱ्या जाळीदार पट्ट्यात. हा पट्टा म्हणजे बाहेरचे आवाज, स्पर्श मेंदूच्या सालीपर्यंत जाऊ द्यायचे की नाहीत हे ठरवणारा दारवान. तिथल्या एमटी-२ ला चेतवणारं द्रव्य दिलं की उंदरांची गाढ, स्वप्नविरहित झोप वाढली. एमटी-१ नसलेल्या उंदरांत उलट स्वप्नांची झोप घटली. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका आहे. शवविच्छेदनात तो खरंच निळा दिसतो, मी मुलांना भिंग देऊन दाखवायचे. तिथल्या पेशी नॉरॲड्रेनॅलिन सोडून आपल्याला सावध ठेवतात, आणि त्या गप्प झाल्याशिवाय स्वप्नांची झोप येत नाही. त्या पेशींवर एमटी-१ आहे.

लक्षात आलं ना? हे प्रयोग रात्री जागणाऱ्याच प्राण्यावर झाले, तरी झोप वाढली. म्हणजे घड्याळाला वर्दी देणं हा एक रस्ता आणि झोपेच्या पेशींना थेट गाठणं हा दुसरा. दुकानातली गोळी दोन्ही रिसेप्टरना एकदम हाक मारते, आणि दोघांची ओढ वेगवेगळ्या झोपेकडे. तिचा परिणाम इतका मिळमिळीत का, याचं एक कारण मला तरी इथे दिसतं.

प्रश्न : चार म्हशी आहेत. उन्हाळ्यात माजावर येत नाहीत, पावसाळा सरून दिवस लहान झाले की येतात. पशुवैद्य म्हणाले, दिवसाच्या लांबीचा परिणाम. म्हशीला दिवसाची लांबी कशी कळते? (गडहिंग्लज तालुका)

उत्तर : झोपेच्या सदरात म्हैस आली म्हणून कोणी हसू नये. मेलाटोनिन ऐकणाऱ्या पेशींचा सगळ्यात स्पष्ट पुरावा गोठ्यातच आहे.

मेलाटोनिन अंधारात तयार होतं, म्हणून रात्र जितकी लांब तितका वेळ ते रक्तात राहतं. श्रावणापेक्षा मार्गशीर्षात जास्त. हा कालावधी मोजणाऱ्या पेशी मेंदूच्या तळाला, पिट्यूटरी ग्रंथीच्या देठाभोवती असतात. एमटी-१ रिसेप्टरची तिथे दाटी आहे, कित्येक प्राण्यांत घड्याळाहूनही जास्त. त्या पेशी मग शेजारच्या हायपोथॅलॅमसला ऋतू कळवतात आणि तिथून प्रजननाची संप्रेरकं सुरू किंवा बंद होतात. मेंढी, शेळी, म्हैस ही लहान दिवसांत फळणारी जनावरं. घोडीचं उलट, तिला मोठे दिवस मानवतात. परदेशात मेंढ्या लवकर माजावर याव्यात म्हणून कानाच्या मुळाशी कातडीखाली १८ मिलिग्रॅम मेलाटोनिनची बारीक कांडी बसवतात. म्हशींवरही तसे प्रयोग झाले आहेत.

पण सगळा दोष दिवसाच्या लांबीवर टाकू नका. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे म्हशीला ऊन सोसत नाही. उन्हाळ्यातला माज मुका असतो. म्हणजे येतो, पण ओरडत नाही, तुम्हाला कळत नाही. सावली, दुपारी अंगावर पाणी, आणि पहाटे व रात्री उशिरा गोठ्यात एक फेरी, एवढं आधी करा. आणि गोठ्यात रात्रभर मोठा दिवा जळत असेल तर तो बंद करा. त्याला खर्च येत नाही.

प्रश्न : पिनियल ग्रंथी हाच आपला तिसरा डोळा, आज्ञाचक्र, असं व्हॉट्सॲपवर आलं. खरं का? (नाशिक)

उत्तर : काही सरड्यांच्या बाबतीत बरंच खरं. त्यांच्या टाळूवर खरोखर उजेड कळणारा तिसरा डोळा असतो, आणि पक्ष्यांच्या पिनियल पेशींनाही कवटीतून झिरपलेला उजेड थेट जाणवतो. माणसाची पिनियल आंधळी आहे, तिला डोळ्यांकडून खबर घ्यावी लागते. वय वाढलं की तिच्यात चुन्याचे कण साठतात. मेंदूचा छेद घेताना सुरीखाली ते करकरायचे, शेंगदाण्याच्या कुटात खडा यावा तसे. चक्राबद्दल मला विचारू नका, तो विषय माझ्या अभ्यासक्रमात नव्हता.

प्रश्न : यंत्रमागावर आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, १२ तासांची. रातपाळी करून दिवसा आठ तास पडलो तरी झोप चार तासांवर होत नाही. बायको म्हणते, खोली काळीकुट्ट केली की मेलाटोनिन आपोआप तयार होईल. होईल का? (इचलकरंजी)

उत्तर : वहिनींचा सल्ला पाळा, पण त्यामागचं कारण तेवढं बदला. उजेड मेलाटोनिन बंद करतो हे खरं. १९८० मध्ये आल्फ्रेड लुई यांनी माणसांत ते दाखवलं. रात्री झगझगीत दिवा लावला की रक्तातलं मेलाटोनिन खाली येतं. पण अंधार केला म्हणून भर दुपारी ते तयार होत नाही. कारण पिनियलची तोटी घड्याळाच्या हातात. आणि निरोपाचा रस्ता तरी केवढा वाकडा! घड्याळापासून हायपोथॅलॅमस, तिथून खाली पाठीचा कणा, कण्यातून बाहेर पडून मानेतल्या नसांच्या गाठीपर्यंत, आणि तिथून रक्तवाहिन्यांच्या कडेने पुन्हा वर मेंदूत. मानेच्या मणक्याला जबर इजा झालेल्या रुग्णांत हा रस्ता तुटतो आणि मेलाटोनिन जवळजवळ थांबतं. तुमचं घड्याळ दिवसा दिवसच चालवतंय, तोटी बंद ठेवतंय आणि वर जागं ठेवण्याचा जोर वाढवत नेतंय. सकाळी नऊला थकव्याच्या भरात झोप लागते, एकला ती उखडते. तुमच्या मनाचा यात काही कमकुवतपणा नाही.

आठवड्याची पाळी तर फार अडनिडी. घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं. ते निम्म्या वाटेवर पोचतं न पोचतं तोच पाळी बदलते.

हे मला पुस्तकाआधी घरात कळलं होतं. माझे वडील सोलापुरात गिरणीत होते. त्यांच्या रातपाळीच्या आठवड्यात आई खिडकीवर वाकळ टांगायची आणि आम्हा चौघांना शेजारच्या काकूंकडे पिटाळायची. ज्वारी दळायची, भांडी घासायची, सगळं संध्याकाळी पाचनंतर. तरी दीडच्या सुमाराला दादा उठून ओट्यावर बसलेले असायचे, डोळे लाल, हातात कानशी गेलेला कप. मी तेव्हा म्हणायचे, दादांना झोपायलाच येत नाही. हे वाक्य आठवलं की अजून लाज वाटते.

तर काय करता येईल? सकाळी सायकलवरून घरी येताना काळा गॉगल आणि पुढे छज्जा असलेली टोपी घाला. लोक हसले तर हसू द्यात. तो सकाळचा अर्ध्या तासाचा उजेड घड्याळाला 'दिवस उगवला' म्हणून पक्कं सांगतो, तोच टाळायचा आहे. झोप दोन हप्त्यांत घ्या. आल्याबरोबर जेवढी लागेल तेवढी, आणि मग पाळीवर निघण्याआधी तास-दीड तास. चहा रात्री दोननंतर नको. कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. मोबाइल उशाशी नको, तो वहिनींकडे द्या. मेलाटोनिनच्या गोळीने दिवसाची झोप थोडी लांबते असं काही चाचण्यांत दिसतं, काहींत दिसत नाही. मी त्यावर पैसे घालायला सांगणार नाही.

आणि हे मालकाला वाचून दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा विचार करून २०१९ मध्ये, रातपाळीचं काम 'माणसात बहुधा कर्करोगाला कारण' या गटात ठेवलं आहे. तुम्ही घाबरावं म्हणून सांगत नाही. कामगार दिवसा झोपलेला असताना त्याला फोन करून 'जरा ये, माल उतरवायचाय' म्हणणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

प्रश्न : मुलगा लातूरला नीटच्या क्लासला, मी त्याच्यासोबत खोली घेऊन राहते. रात्री दोनपर्यंत जागतो आणि सकाळी सातच्या वर्गाला उठवताना रोज महाभारत. आळशी झालाय की आजारी? (मूळ गाव परभणी जिल्हा)

उत्तर : दोन्ही नसावा. वयात येताना घड्याळ मागे पडतं, मेलाटोनिन उशिरा सुरू होतं आणि सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं. तुमच्यासाठी सकाळी सहा म्हणजे सहा, त्याच्या पेशींसाठी ती मध्यरात्रच. त्यात हातभर अंतरावरचा दिवा आणि मोबाइल मिळून त्याची संध्याकाळ आणखी लांबवतात. २०२४ मध्ये आपल्या सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. चांगलंच केलं, पण चिमुरडी तशीही कोंबड्याबरोबर उठतात. घड्याळाने ज्यांची खरी अडचण केली आहे ती नववी ते बारावीची मुलं, आणि त्यांना सातला बाकावर बसवतो आपण.

क्लासची वेळ तुमच्या हातात नाही. म्हणून एवढंच करा, उठल्या उठल्या त्याला चहाचा कप देऊन गच्चीवर उभं करा, पंधरा-वीस मिनिटं, वही घेऊन गेला तरी चालेल. रात्री साडेअकरानंतर खोलीतला मोठा दिवा बंद. रविवारी दुपारी बारापर्यंत झोपू देऊ नका, नऊपर्यंत द्या. मेडिकलमधून गोळी आणून देऊ नका. आणि रात्री बारानंतर 'बघ, शेजारचा अजून वाचतोय' हे वाक्य बंद. शेजारची आईही हेच म्हणत असते.

प्रश्न : वय ३४. दहा वर्षांपूर्वी अपघातानंतर माझे दोन्ही डोळे काढावे लागले. पुण्यात नोकरी करतो. साधारण दर दीड महिन्याने काही दिवस असे येतात की रात्री झोप लागत नाही आणि दिवसा ऑफिसात मान पडते. मग आपोआप सुरळीत होतं. तिघा डॉक्टरांनी टेन्शन म्हणून सांगितलं. मला टेन्शन त्या दिवसांचंच आहे. (हे पत्र त्यांनी बोलून टाइप करून पाठवलं.)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण 'दर दीड महिन्याने' या तीन शब्दांत बहुतेक निदान तुम्हीच केलं आहे.

माणसाचं घड्याळ बरोब्बर चोवीस तासांचं नसतं, बहुतेकांचं थोडं जास्त असतं. रोज डोळ्यांतून येणारा उजेड ते जुळवून घेतो. हे काम करणाऱ्या पेशी बघायच्या पेशींहून वेगळ्या आहेत. डोळ्याच्या पडद्यात थोड्याशाच असतात, त्यांना चित्र दिसत नाही, फक्त उजेड आहे की नाही ते कळतं. त्या स्वतःच उजेड टिपतात हे २००२ मध्ये सिद्ध झालं. त्यामुळे काही अंध माणसांची नजर पूर्ण गेलेली असूनही घड्याळ ठाकठीक चालतं. १९९५ मध्ये बोस्टनला ११ अंध व्यक्तींवर प्रखर उजेड टाकून पाहिला, तर तिघांचं मेलाटोनिन डोळस माणसासारखं खाली आलं. तुमचे डोळेच काढलेले आहेत, तेव्हा तो रस्ता बंद.

आता समजा, तुमचं घड्याळ साडेचोवीस तासांचं आहे. रोज अर्धा तास मागे पडत पडत पूर्ण फेरी व्हायला ४८ दिवस. दीड महिना! फेरीच्या एका टोकाला तुमची रात्र आणि पुण्याची रात्र जुळते, तेव्हा सगळं सुरळीत. दुसऱ्या टोकाला तुमच्या मेंदूत मध्यरात्र असते तेव्हा तुम्ही ऑफिसात. याला 'चोवीस तासांशी न जुळणारी झोप' असा स्वतंत्र आजार म्हणून मान्यता आहे. टेन्शन नव्हे.

सातारच्या गृहस्थांना मी गोळी टाकून द्या म्हटलं, तुम्हाला उलट सांगणार आहे. उजेडाचा दरवाजा बंद झाला तरी घड्याळाच्या पेशींवरचे मेलाटोनिनचे रिसेप्टर शाबूत आहेत. त्या दुसऱ्या दाराने रोज एका ठरावीक वेळी 'रात्र झाली' ही वर्दी पोचवता येते. २००० मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला रॉबर्ट सॅक यांच्या गटाने पूर्ण अंध अशा सात जणांना रोज झोपायच्या तासभर आधी १० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलं. सातपैकी सहा जणांचं घड्याळ चोवीस तासांवर स्थिरावलं. पुढे अर्धा मिलिग्रॅमवरही भागतं असं दिसलं. याच रिसेप्टरवर काम करणारं टॅसिमेल्टिऑन नावाचं औषध २०१४ मध्ये अमेरिकेत खास याच आजारासाठी मंजूर झालं. मात्रा आणि वेळ मात्र झोपविकारांच्या तज्ज्ञाकडूनच ठरवून घ्या. इथे वेळ चुकली तर गोळी घड्याळाला भलतीकडे ढकलते, आणि गुण यायला काही आठवडे लागतात.

तुम्ही पत्रात लिहिलंय की ऑफिस, जेवण, आईचा ठरलेला फोन, सगळं वेळेवर असूनही असं का. मदुराईत एम. के. चंद्रशेखरन यांच्या गटाने गुहेतल्या वटवाघळांवर याचाच अभ्यास केला, १९८१ मध्ये तो छापून आला. उजेडाचा किरणही पोचत नाही अशा खोल जागी पिंजऱ्यात ठेवलेलं वटवाघूळ नेमकं संध्याकाळी जागं व्हायचं, कारण भोवतालची हजारो वटवाघळं त्या वेळी उठून फडफडत बाहेर निघायची. ज्या गुहेत दुसरं कोणीच नव्हतं तिथे एकटं ठेवलं तर त्याचं घड्याळ भरकटायचं. वटवाघळाला सोबत पुरते. माणसालाही थोडी मदत होते, पण बहुतेकांचं घड्याळ तेवढ्यावर जागेवर राहत नाही. तेव्हा तुमची शिस्त कमी पडली असं समजू नका, ती सोडूही नका.

आजपासून फोनमध्ये रोज दोन वेळा बोलून ठेवा : झोप लागली ती आणि जाग आली ती. चाळीस-पन्नास दिवस. ऑफिसात डुलकी आली तर तीही. ती नोंद घेऊन चौथ्या डॉक्टरांकडे जा आणि टेन्शनचा विषय निघायच्या आत ती त्यांच्यासमोर ठेवा.